नट किती आवळायचा

शेवट ओळखून दाखवा. लावता पैज?

ओळखलात तर कालवं उकडून घालतो, नको म्हणेपर्यंत. नाय ओळखलात तर ही समोरची जाळी धुवायची. सगळी. शेवाळासकट.

गोष्टीत माणसं तिघंच. एक गुरू. एक चेली. आणि तिसरा मी, जानू भाटकर, ह्या जेटीवरचा सगळ्यात शहाणा माणूस. हसू नका. तिघांतल्या एकाला शेवटी दाम मोजावा लागला. कोणाला, आणि कसला... एवढंच ओळखायचं.

आणि हे तोंडावर फडकं कशाला गुंडाळलंय म्हणून विचारू नका. ऊन हाय.

तर ऐका.

"परकारचाचा तुम्हीच का?"

पोरगी समोर उभी. पाठीला पिशवी, काखेत लांबडी फळी, फळीला चाकं. डोक्याला हेल्मेट, ते पण चालताना.

आता असं कोणी विचारलं तर मी नाय कसं म्हणणार, सांगा.

"मीच," म्हटलं. "बस."

बसली.

"मी दामिनी बेलसरे. नाशिकहून आले. स्पर्धा जिंकल्यात मी. पण उतारावर शिकायचं तर तुमच्याकडेच, असं सगळे म्हणतात."

"सगळे बरोबर म्हणतात. हा घे पहिला धडा."

आणि मी माझं गुंतलेलं जाळं उचललं नि टाकलं तिच्या मांडीवर.

"सोडव. बोलायचं नाय."

लागली की सोडवायला! सोडवते कसली, खेचतेय. जेवढी खेचते तेवढं गुंततंय. दात ओठांवर, कपाळावर घाम. मी बाजूला सुकट निवडत बसलो, आतल्या आत पोट धरून.

मग उतरणीवरून चाकांचा आवाज आला.

परकार येत होता.

परकार म्हणजे शरफुद्दीन परकार. जन्मभर जहाजावर होता, सारंग. कुठल्याशा परदेशी बंदरात डोंगरावरून रस्ता खाली येतो, तिथली पोरं ह्या फळ्यांवर उभी राहून उतरायची. जहाज मालासाठी अडकलं की हा त्यांच्यात. तिथं हाडं मोडून घेतली आणि विद्या घेऊन आला. आता दाढी पांढरी. वर सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, खाली जेटीपर्यंत आमची जुनी उतरण हाय, नवा रस्ता झाल्यापासून तिथं गाडी येत नाय. तिथं हा रोज दुपारची नमाज पढून झाली की फळीवर उतरतो. एका हातात मासळीची पिशवी. डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं, सुपातनं तांदूळ हलवल्यासारखा.

पुढ्यात येऊन थांबला. पाय टेकला नाय.

पोरीनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हे कोण?"

"हा माझा चेला," मी म्हटलं.

परकारनं पिशवी खाली ठेवली. "जानू, शरम नाय का तुला?"

"होती. ओहोटीला गेली."

पोरगी उठली ती रागानं लाल. "आजोबा, तुम्ही मला फसवलंत!"

"आजोबा कोणाला म्हणतेस ग?"

परकारनं विचारलं, "जाळं सुटलं?"

"चाचा, ह्यांनी मला खोटं सांगून..."

"मी जाळ्याचं विचारलं, बेटा."

...

"नाही सुटलं," ती म्हणाली. "आणखी गुंतलं."

परकार वाकला. जाळ्याची एक कड उचलली, अलगद झटकली. निम्मी गुंत आपसूक पडली. मग त्यानं हात पुढं केला.

"फळी बघू."

आता तुम्हाला ठाऊक नसणार म्हणून सांगतो. फळीच्या पोटाला पुढं एक आणि मागं एक, असे लोखंडी आस असतात. त्याला ही मंडळी ट्रक म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून रस्त्याकडं बघितलं होतं. आसाच्या मधून जाड बोल्ट, बोल्टात ओवलेली रबरं, वरून नट. माणूस कलला की रबर दबतं, आस वळतो, फळी वळते. नट सैल असला की फळी म्हणशील तशी वळते. आवळला की हट्ट धरते.

पोरीनं पिशवी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेली ट्रकची दुसरी जोडी. चकाचक, घासून ठेवलेली. आमच्याकडं बायका सोनं पण असं ठेवत नाय.

"ही जोडी वळायला. कोन मोठा आहे, जरा कललं की वळते. आणि फळीला लावलीय ती वेगाच्या उताराला. कोन कमी, उशिरा वळते. आता तुम्ही सांगा, ह्या उतरणीला कुठली लावू? आणि नट किती आवळू? किती फिरक्या?"

परकारनं अंगठ्यानं फळीची कड दाबली. हलली नाय.

"उभी राहा."

राहिली.

"कल."

कलली. फळी तश्शी.

"बेटा, हा पाट आहे. ह्याच्यावर जेवायला बसायचं का?"

मी खिदळलो. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी सुकट निवडायला लागलो.

"घट्ट असला की थरथरत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"ट्रक. वेगात मागचा थरथरायला लागतो ना. मग सगळी फळीच हलते, शेपटीसारखी. मागच्या वर्षी एकीचं तसंच झालं. गळ्याजवळचं हाड मोडलं."

"कोणाचं?"

"...एकीचं."

बोलताना तिचा हात डाव्या खांद्याजवळ गेला नि तसाच परत आला. परकारनं बघितलं. मी पण बघितलं, मी काय आंधळा हाय?

"मग तुला काय हवंय?" परकार म्हणाला.

"मी घरी सांगून आलेय. ही उतरण वरून खालपर्यंत उतरले तर पुढं खेळेन. नाही जमलं तर फळी भाच्याला देऊन टाकीन, खेळायला. पुन्हा नाव नाही काढणार."

"देशील?"

"देईन."

मोठ्या तोऱ्यात म्हणाली. पण फळी कशी धरली होती सांगू? आईच्या हातातून पोर काढून घेतात ना, तेव्हा आई धरते तशी.

परकार वळला. खाडीकडं बघत राहिला...

"जानू, भरती कधी?"

"चहाच्या वेळेला येतीय टिपेला."

"तुझी जाळी कुठायत?"

"ही काय. एक हिच्या पायांत."

"सगळी आण. जेटीच्या तोंडावर टाक. ढीग कर, छातीएवढा."

"माझी जाळी? कशाला?"

"वाळायला."

आता जाळी ढिगानं कोण वाळवतं? पण परकार असं बोलला की मी विचारत नाय. नेऊन टाकली.

मग त्यानं पोरीला सांगितलं, "वरून नको. शेवटचं वळण आहे ना, पिंपळाजवळचं, तिथून उतर."

"एवढंच? ते तर शाळेतली पोरं पण उतरतील!"

"उतरतात. पाय टेकायचा नाय. हात टेकून घसरायचं नाय. डावीकडं उजवीकडं वळत वेग मारायचा आणि जेटीच्या तोंडाशी थांबायचं. ट्रक तुझे, नट तुझा. तुझ्या हातानं लाव."

"आणि भरतीचं काय?"

"भरतीचं भरती बघेल. चहा घे तोवर."

चहा झाला. खाडी काठोकाठ आली. पोरगी पिंपळाकडं चढून गेली. मी पण मागोमाग, मजा बघायला. परकार म्हणतो मी चोंबडा हाय. असू दे.

वर गेली, मागं वळून बघितलं. परकार खाली, मी पिंपळाच्या आड. मग तिनं खिशातनं पाना काढला. पुढचा नट आणखी आवळला. मागचा आवळला. पान्यावर अख्खं अंग टाकून आवळला. रबर बिचारं बाहेर आलं, जीभ बाहेर यावी तसं.

मी पळत खाली आलो.

"परकार, ती आणखी आवळतेय!"

"माहीत आहे."

"मग सांग की तिला!"

"काय सांगू?"

"सैल कर म्हणून!"

"ती मान डोलावील. सैल पण करील," परकार म्हणाला. "आणि आत आवळलेली राहील. सरक बाजूला."

ती निघाली.

सुरुवातीला काय ऐट! वाकली, हात पाठीमागं, बाण कसा. निम्म्यावर आली तशी डावीकडं कलली. फळी वळेना. उजवीकडं कलली. वळेना. पाट तो पाट. आणि उतार तर तिला खाली ओढतोय. मग तिनं टाच जोरात दाबली, तसं दाबलेलं रबर एकदम सुटलं. फळी गपकन एका अंगाला गेली, तिनं सावरली, दुसऱ्या अंगाला गेली, आणि मागचा ट्रक थरथरायला लागला. खडखड खडखड. होडीत टाकलेला मासा शेपूट आपटतो ना, तसा.

तिचा चेहरा मी बघितला. मी हसत होतो, ते हसू तिथंच राहिलं. पोरीचे गुडघे ताठ, मुठी वळलेल्या, डोळे उघडे पण बघत काय नव्हते. ती इथं नव्हतीच. मागच्या वर्षीच्या त्या रस्त्यावर होती.

"पोरी!" मी ओरडलो.

धप्प!

गेली ढिगात. हेल्मेटासकट. फळी सुटली ती जेटीवरून सरळ खाडीत, खिशातला पाना पण तिच्यामागं. डुबुक.

...

ढीग हलेना.

परकारच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललेलं. आयुष्यात एवढ्या लोकांच्या खोड्या काढल्या, पण देवाला हात जोडून त्या ढिगाकडं बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

मग आतून आवाज आला.

"आजोबा... माझ्या कानात मासा आहे."

आईशप्पथ, एवढं हसलो की डोळ्यांत पाणी आलं. पाणी हसण्याचंच होतं. परकार खाली बसला तो बसलाच, दाढीवरून हात फिरवत.

पण तिला काढायची कशी? हात ह्या जाळ्यात, पाय त्या जाळ्यात. रावस पण इतका मनापासून अडकत नाय. शेवटी परकारनं कोयता घेतला नि माझ्या डोळ्यांदेखत माझं जाळं फाडलं. नवंकोरं. मुलीला सासरी पाठवताना जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं वाटलं.

हां, हां! लगेच ओरडू नका, "जानू, जाळ्याचा दाम तूच मोजलास" म्हणून. चुकलात. जाळ्याचं पुढं ऐका.

पोरगी बाहेर आली. खरचटलं पण नव्हतं. अंगाला मासळीचा वास, केसांत शेवाळ. उभी राहिली आणि खाडीकडं बघत म्हणाली,

"फळी देऊन टाकायचा प्रश्न मिटला. मी जाते."

"कुठं?" परकार म्हणाला.

"घरी."

"जानूचं जाळं फाटलंय."

"मी पैसे भरून देते त्याचे."

"जानू दुकानदार नाय. जाळं फाडलं, जाळं विणून द्यायचं. ह्या बंदरावर असंच आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड एवढंसं केलं. खोटं कशाला सांगू, थोडं जास्तच केलं.

"...मला विणता येत नाही."

"जानू शिकवील. जाळ्याचा गुरू तोच आहे. तुला मघाशी खरंच बोलला होता."

तेव्हापासून मी आजोबाचा जानूकाका झालो.

आमच्याच पडवीत राहिली, आमच्या सुनेबरोबर. फळी दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात सापडली, वर एक खेकडा बसलेला, मालकासारखा. गोड्या पाण्यानं धुऊन मीच ठेवली कोपऱ्यात. पोरीनं तिकडं बघितलं पण नाय.

सकाळी सुई आणि दोरा घेऊन बसायची. पहिल्या दिवशी काय विणलं सांगू? जाळं नव्हे, चटई. सगळं ताणून ताणून. उभं केलं असतं तर भिंत झाली असती.

परकार आला, बघत उभा राहिला.

"जानू, हे पाण्यात टाकलं तर?"

"मासा येऊन डोकं आपटील, शिव्या देईल नि जाईल परत."

"का?" पोरगी म्हणाली. "घट्ट आहे ना चांगलं!"

"घट्ट काय पाहिजे, बेटा?"

"...गाठ."

"आणि मासा गाठीत अडकतो?"

ती विचार करत राहिली. सुई तशीच हातात.

"तू अडकलीस तेव्हा," परकार म्हणाला, "जाळं कसं होतं?"

...

तिनं सुई खाली ठेवली. विणलेलं सगळं उसवलं नि पहिल्यापासून धरलं. दोन गाठींमधल्या भोकाला आम्ही घर म्हणतो. गाठ आवळायची, घर सैल सोडायचं. गाठ आवळायची, घर सैल सोडायचं. काय दिवसांनी बोटं आपली आपण चालायला लागली. गाणं पण गुणगुणायला लागली, भलतंच बेसूर. मी सांगितलं, मासे खाडी सोडून जातील. म्हणाली, जानूकाका, तुमच्या घोरण्यानं गेले नाहीत तर माझ्यानं कशाला जातील. बघा, किती जीभ सुटली!

एका सकाळी परकारनं कोपऱ्यातली फळी उचलली. तिच्यासमोर बसला, नट सोडला, मागच्या ट्रकातलं रबर काढून तिच्या तळहातावर ठेवलं. चेपून पार भजं झालेलं.

"हे काय झालं?"

"चेपलंय."

"कोणी चेपलं?"

"मी."

"का?"

कावळा ओरडून गेला. माझी सून दारात आली, माझ्याकडं बघून परत आत गेली. मी पण तोंड उघडलं नाय, हे माझ्यासाठी किती अवघड हाय तुम्हाला माहीत हाय.

"...ती दुसरी कोणी नव्हती, चाचा. हाड माझंच मोडलं. मला भीती वाटते."

परकारनं मोठा श्वास सोडला. इतके दिवस कोणीतरी त्याच्या छातीवर बसलं होतं आणि आता उठलं, असा.

"हां," म्हणाला. "आता लावू ट्रक."

आणि काय लावलं बघा. पिशवीतली चकाचक जोडी, ती लगेच वळणारी, तिच्यातला एक ट्रक घेतला नि पुढं लावला. चिखलातून काढलेल्या जोडीतला, उशिरा वळणारा, मागं ठेवला. पुढं मऊ रबर, मागं जरा कडक.

"जोड्या फोडल्या?" पोरगी ओरडलीच.

मी म्हटलं, "परकार, एका पायात चप्पल नि एका पायात बूट?"

"पुढचा ऐकणारा पाहिजे. मागचा गडबड न करणारा."

"पण सुकाणू मागं असतं!"

"होडीला, जानू. ही होडी आहे का?"

"खाडीत तर गेली होती."

पोरगी हसली. फळी हातात असताना हसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली.

मग नटाची पाळी आली. पोरीनं पुन्हा तोच प्रश्न काढला.

"किती फिरक्या, चाचा?"

"चहाला विचार."

फुलपात्रात चहा आणला. काठाला टेकेल एवढा. तिच्या हातात दिला. फळीवर उभी केली, अंगणात, जागच्या जागी.

"कल. इकडून तिकडं. सांडू नको."

आवळलेला नट होता, ती जोर करून कलली, चहा पायावर. "हाय!" परकारनं नट सैल केला. ती कलली ती आडवीच व्हायला आली, चहा माझ्या धोतरावर. "हे मुद्दाम होतं!" मी म्हटलं. "नाही हो काका!" परत थोडा आवळला. पुन्हा भरला चहा. पुन्हा कलली. चहा इकडच्या काठाला आला, थांबला. तिकडच्या काठाला गेला, थांबला. पोरीच्या खांद्यातला बाक गेला. गुडघे मऊ पडले.

परकारनं पाना खिशात टाकला.

"झालं?"

"पी आता. गार होतोय."

एवढंच.

त्यानंतर रोज थोडं थोडं वर. पिंपळापासून. मग पांदीच्या तोंडापासून. मग चिऱ्याच्या खाणीपासून. आणि माझं जाळं विणून झालं त्या दिवशी ती म्हणाली,

"चाचा, आज वरून."

परकारनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "जानू, जाळी टाक तोंडावर."

"जाळी नको," पोरगी म्हणाली.

"का ग?"

"परत विणायला लागेल."

आणि गेली फळी घेऊन सड्यावर. गुणगुणत. बेसूर.

मी परकारला धरलं. "अरे, ओहोटी हाय! खाली नुसता चिखल नि दगड! आज गेली तर डुबुक नाय व्हायचं!"

"दिसतंय मला."

"ती परत आवळणार! मी सांगतो, वर गेली की पाना काढणार!"

"पाना माझ्या खिशात आहे."

"नट नाय आवळला तर अंग आवळील! पैज लाव!"

"कसली?"

तिथं मी पैज लावली. कसली ते आत्ता सांगत नाय. तोंडातून शब्द गेला, बस. भीतीनं माणूस काहीपण बोलतो.

वरून चाकांची घरघर ऐकू आली. खाणीजवळ दिसली, ठिपका. वळणाआड गेली. आवाज पण गेला...

परकार हातातली जपमाळ ओढत होता, ती थांबली.

पांदीच्या तोंडाशी दिसली. डावीकडं उजवीकडं, वळत, ऐसपैस. रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. परत आड.

माझं काय चाललंय ते मला कळलंच नाय. बघतो तर मी जेटीच्या तोंडावर, बरोब्बर जिथं ढीग असायचा तिथं, हात पसरून उभा. म्हातारा माणूस. जाळं नाय तर नाय, निदान हाडांवर तरी पडेल.

पिंपळाचं वळण. आली! आता सरळ उतार. वेग वाढला. आणि खडखड... मागचा ट्रक. मला तो आवाज झोपेत पण ऐकू येतो.

मी डोळे मिटले.

खडखड झाली. मग कमी झाली. मग सुपातले तांदूळ हलवावेत तसा आवाज. इकडं... तिकडं... इकडं... हळूहळू. अगदी हळू.

माझ्या अंगठ्याला काहीतरी टेकलं.

डोळे उघडले. फळीचं नाक माझ्या पायाच्या अंगठ्याला लागलेलं. पोरगी फळीवर उभी. पाय टेकला नव्हता.

"काका, बाजूला व्हा ना. मला थांबायला जागा द्या."

मी तिथंच बसकण मारली. पोरगी उतरली, परकारकडं गेली. धापा टाकत होती, तोंडभर हसत होती, रडत पण होती, सगळं एकदम.

"चाचा, मागचा थरथरला."

"मग?"

"थरथरू दिला."

परकारनं तिच्या हेल्मेटावर टपली मारली. खिशातनं पाना काढला आणि तिच्या हातात ठेवला. आजवर कुठल्या पोराला दिला नव्हता.

मग माझ्याकडं वळला.

"जानू."

"काय?"

"पैज."

आता सांगा! कोणी दाम मोजला? गुरूनं? त्याचा पाना गेला, पण तो त्यानं खुशीत दिला. चेलीनं? तिनं जाळं विणलं नि उलट विद्या घेऊन गेली. स्पर्धेला गेलीय पोरगी, भाच्याला काही फळी मिळाली नाय. मग राहिलं कोण?

हे बघा. सोडतो फडकं.

हसा! हसा मेल्यांनो! माझ्या लग्नाच्या वरातीत घोड्यापेक्षा लोक माझ्या मिशीला बघत होते. सासऱ्यानं पोरगी हिच्याकडं बघून दिली. बायको गेली तेव्हा पण हिला कातर लावू दिली नव्हती मी. उद्यापासून जाळी धुवायला या सगळे. पैज ती पैज. मी पण दाम मोजलाच की.

तिथंच जेटीवर बसवला मला. पोरीनं आरसा धरला, हात हसून हसून हलतोय. परकारनं साबणाचा फेस केला, वस्तरा चामड्यावर घासला नि नाकाखाली टेकवला. माझे ओठ मिटलेले, मान ताठ, मुठी वळलेल्या, डोळे उघडे पण दिसत काय नव्हतं.

परकार थांबला.

"जानू," म्हणाला, "आवळू नको. कापेल."